सात नंबरचा बीकन

३ फेब्रु., मंगळ.
सावेडीतल्या हॉस्पिटलचं काम संपलं एकदाचं. प्रत्येक खोलीत एक बीकन चिकटवला. काडेपेटीएवढी डबी, ब्लूटूथवर सतत आपलं नाव सांगत राहते. आयाबाईंच्या खिशातला मोबाईल ते ऐकतो. ज्या डबीचा सिग्नल सगळ्यात जोरात, त्या खोलीत बाई आहे असं ॲप धरतं. पेशंटने बेल दाबली की जवळच्या बाईलाच निरोप. डॉक्टर खूश. माझं पहिलं मोठं काम. घरी बायकोने, अश्विनीने, शिरा केला.

९ फेब्रु., सोम.
डॉक्टरांनी बोलावलं. मंगलताई, पाथर्डीकडच्या, तिथल्या सगळ्यात जुन्या आया. काल दुपारभर ॲपमध्ये चादरींच्या खोलीत दिसतात. त्यांना सगळ्या स्टाफसमोर उभं केलेलं.
"झोपा काढायला येता का इथे?"
"न्हाई वो डाक्टर. मी सात नंबरात हुते, आजींपाशी. त्या हातच सोडंनात माझा."
सातमधल्या आजींची वाचा गेलेली. त्या काय साक्ष देणार.
डॉक्टर माझ्याकडे वळले. "ॲप चुकू शकतं का?"
"नाही," म्हणालो.
चुकू शकतं. भिंती, माणसं, लोखंड, कशानेही. माहीत होतं मला. तरी तोंडातून नाहीच आलं.
"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर ताईंना म्हणाले. ताईंनी ॲप्रन काढून टेबलावर ठेवला आणि गेल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१० फेब्रु.
बॅटरी बघायचं निमित्त काढून गेलो. आजींच्या कॉटशेजारी फोन घेऊन बसलो. ॲप म्हणतं, चादरींची खोली! मधे भिंत म्हणून नुसतं प्लायवूड, पलीकडच्या डबीचा सिग्नल आरपार येतो. आणि सातमधली मीच लोखंडी कपाटामागे लावलेली. दिसायला बरं दिसावं म्हणून.
काढून कॉटच्या वर लावली. लगेच बरोबर दाखवायला लागलं. कुणाला काही बोललो नाही. सिस्टर म्हणाल्या, "भारी आहे हां सर तुमचं ॲप." मी हसलो. कसा हसलो देव जाणे.

१२ फेब्रु.
जेवण जात नाही. शेवटी अश्विनीला सांगितलं. ती म्हणाली, "डबी हलवलीस. आणि त्या बाईंचं काय?"

१३ फेब्रु., शुक्र.
डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता नीट चालतंय ना? मग कशाला वाढवता? मला स्टाफ सांभाळायचाय."
बाहेर आलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच जास्त लाज.

१५ फेब्रु., रवि.
पाथर्डीपर्यंत एसटी, पुढे जीप. मंगलताई अंगणात तूर बडवत होत्या. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मान खाली घालूनच.
"गावात समदे इचारत्यात, कामावर झोपली म्हून काढली का. माझी सूनबी तशीच बघती," म्हणाल्या. मग, "तवाच का बोल्ला न्हाई?"
"घाबरलो. काम हातचं जाईल म्हणून."
"माझं गेलं की."
पाण्याचा पेला खाली ठेवला.
माफी मागितली तर म्हणाल्या, "हितं मला एकटीला नगा सांगू. जितं तुमी न्हाई म्हनला, तितंच बोला. समद्यांम्होरं. मी येते उद्या."

१६ फेब्रु., सोम.
आल्या. पाळी बदलताना स्टाफ जमतो, तेव्हा उभा राहिलो. डॉक्टर केबिनच्या दारात.
"मंगलताई सात नंबरमध्येच होत्या. डबी मी चुकीच्या जागी लावली. आणि ॲप चुकतं हे माहीत असून नाही म्हणालो."
डॉक्टर आत गेले, दार लावून घेतलं.
सिस्टरनी खुर्ची ओढली, "ताई, बसा ना." बसल्या नाहीत. पिशवी खांद्यालाच. "डाक्टर काय म्हनत्यात त्ये ऐकूनच जाईन."
त्या दारासमोर उभ्या आहेत. मी समोरच्या बाकावर बसून हे लिहितोय. दार अजून उघडलेलं नाही.