कावळा कुणाचं ऐकून आला?

प्रिय अण्णा,

उद्या मला बघायला पाहुणे येणार होते. आता येणार नाहीत. हे तुम्हाला कळवायलाच हवं, कारण सगळं सुरू झालं ते तुमच्या दहाव्यापासून.

त्या दिवशी इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेना. पलीकडच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही उतरेना. कंपनीतले तुमचे मित्र घड्याळं बघायला लागले, त्यांना सेकंड शिफ्ट होती. किती ताटकळत ठेवलंत सगळ्यांना! एरवी कुणाला खोळंबून ठेवणं तुम्हाला खपायचं नाही.

शेवटी तुमचे धाकटे भाऊ, आपले तात्या, हात जोडून म्हणाले, "दादा, पोरीचं शिक्षान आता बास. औंदा तिचं लगीन लावून देतो. मोकळं व्हा."

आणि कावळा आला! लोक चपला घालून निघाले.

तेवढ्यावरून मी पीएचडी सोडायची? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी फळमाशा वाढवते, त्यांच्या बाटल्या बदलायला आपल्या निघोज्याहून रविवारीसुद्धा जाते. तुम्हीच कंपनीत सांगायचात ना, "लोकं माशा हाकलत्यात, आमची पोर पाळती"? आमचे सर एकदा दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत, पुन्हा करून दाखव म्हणतात. दहावा पुन्हा कसा करणार?

माझ्या लग्नाचं तुम्ही कधी काढलं नाहीत. पण शिकत राहा, असंही कधी म्हणाला नाहीत. एवढं एक वाक्य चारचौघांत बोलून जायला काय झालं होतं, अण्णा?

काल तात्या पाहुण्यांचं पक्कं करायला आले. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, दहाव्याला तुमी बोलला तवाच मी बी मनात बोलले हुते. पोरगी शिकंल तेवढं शिकू देईन, म्हनून. मंग कावळा तुमचं ऐकून आला का माजं?"

तात्यांनी चहा संपवला, अंगणात जाऊन फोन लावला आणि पाहुण्यांना नको म्हणून सांगितलं.

आई खरंच तसं बोलली होती का, मी विचारलं नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, एवढं मला कळतं. तरी मोरीत जाऊन खूप रडले.

वर्षश्राद्धाला गच्चीवर घास मीच ठेवीन आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगेन, की अण्णा, मी पीएचडी पुरी करणार. कावळा आला नाही तरी.

तुमची, माशा पाळणारी,
स्वाती