ह्यांचं पाकीट

ठाणे अंमलदार साहेबांस,

तुमचा निरोप मिळाला. पाकीट सापडलंय, पण न्यायला मालकाने स्वतः यावं, असं तुम्ही म्हणता.

साहेब, मी तुमच्याशी खोटं बोलले. बसमध्ये पिशवीतून पाकीट गेलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं."

"मग ते का नाही आले?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेरगावी गेलेत." तुम्ही मान वर न करता तसंच लिहून घेतलंत.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण त्या दुपारी घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. सरकारी वहीत हे नुसते बाहेरगावी होते! आठवडाभर मी दार लोटून ठेवलं, उशा उन्हात घातल्या. शेजारीण म्हणाली, "पाहुणे येणार वाटतं?" मी नुसती हसले.

मृत्यूचा दाखला आणला, की पाकीट आजच्या आज मिळेल, हे कळतं मला. पण मग तुम्ही ती ओळ खोडाल. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पाकीट तुमच्याच कपाटात असू दे. ह्यांची वाट पाहणारं आणखी कुणीतरी असलेलं बरं.

आपली,
खिडकीजवळच्या बाकावर बसलेली तक्रारदार बाई