नदीत निळा नव्हताच

९ नोव्हेंबर

दादा,

आणि "एवढासा पट्टा तर हिरवा केला" असं फोनवर म्हणालास ना, तो एवढासा नव्हता. फोनवर तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून लिहितेय. नमस्कार त्यात धरून घे. वहिनीला सांग, बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय.

तू आलास तेव्हा ते हॉस्पिटलमध्ये होते आणि इझलवर नदीचं चित्र होतं. तुला काठ डल वाटला, गंजलेल्या पत्र्यासारखा. बाबांना सर्प्राइज द्यायचं म्हणून तू त्यावर पोपटी फासलास. अरे, त्या नदीत निळा नव्हताच! नुसता राखाडी होता. शेजारच्या तांबूस काठामुळे तो निळा दिसायचा. बाबा शिकवतात तसं पुठ्ठ्याला भोक पाडून मी स्वतः बघितलं होतं. भोकातून एकटी नदी पाहिली की सिमेंट, पुठ्ठा बाजूला केला की पाणी. मला तर वेड लागायचं बाकी होतं. तोच तांबूस त्यांनी ढगांच्या पोटात आणि लांबच्या डोंगरात थोडाथोडा मिसळला होता, म्हणून सगळं एकाच संध्याकाळचं वाटायचं. आता हिरव्याशेजारी नदी लालसर गढूळ दिसते आणि ढगांवर डाग पडल्यासारखे वाटतात. एका काठात तू अख्खी संध्याकाळ घालवलीस. वहिनी म्हणते, मी राईचा पर्वत करते. करते.

रंगांचं मी उगाच लांबवतेय. खरं वेगळंच आहे.

परवा बाबा त्या चित्रासमोर उभे राहिले. मला वाटलं, कुणी हात लावला म्हणून ओरडतील. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मोतीबिंदूतून मी हे असलं काढत होतो का गं?"

कळतंय का तुला? तुझा हिरवा त्यांना स्वतःचा वाटला.

तुझं नाव अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, दादाने बघितलं का हे. मी हो म्हटलं.

"मग माझं मन राखलं त्याने," म्हणाले.



या वर्षीची सगळी चित्रं त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलीत, एकही न बघता. ब्रश कुणाला तरी देऊन टाक म्हणतात. काल मला पडद्याचा रंग विचारला. तो पडदा त्यांनीच निवडलाय, दादा. माझं उत्तर ऐकून नुसती मान हलवली.

काठ मी परत तांबूस करू शकते, पण मग रोज बदलणारं चित्र बघून ते डोळ्यांवर उरलासुरला विश्वासही सोडतील. आणि मी खरं सांगितलं तर त्यांना वाटणार, पोरगी समजूत काढतेय. सुट्टी मिळत नाही हे मला ऐकवू नकोस. रंगवायला मिळाली होती.

तू येऊन, त्यांच्यासमोर उभं राहून, "बाबा, तो हिरवा माझा" एवढंच म्हणावंस असं मला वाटतं. तुला काय वाटतं?

बाबांची मुलगी, आणि अजून तरी तुझी बहीण