मगरोबाचे चार भाग

२ नोव्हेंबर १९९७, रविवार

घसा पार बसलाय. पहिला भाग आज दोनदा लावला आणि दोन्ही वेळा मलाच ओरडावं लागलं. कॅसेट जपानी आहे का चिनी, कोण जाणे. रामकिशनला विचारलं तर म्हणतो, "परदेशी हाय, तू सांग." व्हिडिओ सेंटर त्याचं, टीव्ही त्याचा, आणि टीव्हीशेजारी माइक धरून गोष्ट सांगणारा मी. सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीत बारावी होऊन रिकामा बसलेला मीच ना! त्या भाषेचं एक अक्षर कळत नाही. पडद्यावरची तोंडं हलतात तसं मी बोलतो.

पब्लिकनं राक्षसाचं नाव मगरोबा ठेवलंय. पहिल्या भागात तो तासभर दिसतच नाही. नुसतं तळ्याचं पाणी हलतं आणि एक रिकामी होडी काठाला लागते. माझ्याही अंगावर काटा आला. मी मध्येच ठोकून दिलं — "हे तळं आपल्या धरणावानीच हाय, मंडळी." सगळं सेंटर चिडीचूप. मला फार बरं वाटलं.

९ नोव्हेंबर

दुसरा भाग. यात मगरोबा पहिल्या पाच मिनिटांतच उभा राहतो आणि तिथंच बोंब. रबरी पाठ, त्यावर शिवण दिसते. भीती जाते, शिट्ट्या सुरू होतात. पण यात एक बाई आहे. पांढऱ्या कपड्यातली, काठावर बसून गाते, मग तो वर येतो. का गाते? मला काय ठाऊक! लोक विचारायला लागले तेव्हा म्हणालो, "बाई त्याला बोलावून राहिली. ती गायली की एक माणूस जातो."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आपली नानी."

सगळे हसले. मीही हसलो.

१० नोव्हेंबर

नानीबाई शेजारच्या तांड्यावरची. साठीची, एकटी. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. दिवस कलला की काठावर येऊन बसते आणि त्यांच्या बोलीत काहीतरी गाते. लहानपणापासून ऐकतोय. आम्हा वसाहतीतल्या कुणाला त्यातला शब्द कळत नाही. काल हसायला नको होतं.

१३ नोव्हेंबर

आमच्या वसाहतीतला सोनाजी बुडाला. मासे धरायला गेला होता. सकाळी रिकामी होडी सापडली, दुपारी तो. जाळ्यात पाय गुंतला होता, असं पंचनाम्यात आहे. पण टपरीवर पंचनामा कोण वाचतो? तिथं एकच —

"काल बुढी गात होती का?"

"व्हय. म्या ऐकली."

कप अर्धाच ठेवून मी तिथून निघालो. 

१६ नोव्हेंबर, रविवार

तिसरा भाग. चारही कॅसेटींत सगळ्यात टुकार हाच असणार. मगरोबाला पिल्लू होतं, मगरोबा माणसांना वाचवतो, शेवटी लेकरं टाटा करतात. एरवी पब्लिकनं खुर्च्या उचलल्या असत्या. आज पडद्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. "ती बाई येती का पुना?" एवढंच. विषय संपावा म्हणून मी सांगितलं, ती मेली.

"कशी मारली?" सोनाजीच्या भावानं विचारलं.

मी मारली म्हणालो नव्हतो.  माइकचा बिघाड सांगून गप्प बसलो.

१७ नोव्हेंबर

नानीच्या पत्र्यावर दगड पडले. भरदिवसा.

१८ नोव्हेंबर

आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात. आबांनी लहानपणी माझ्याकडून पाठ करून घेतल्या. भूतखेत, करणी, अंगात येणं — आमच्या घराला यातलं काही चालत नाही. आणि गावात करणी आणली कुणी? मी, तीही माइकवरून!

आबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते, हात थांबला.  मग म्हणाले, "जिथं बोललास तिथंच जाऊन सांग."

भीती वाटते. सांगितलं तर लोक मला झोडपतील, नाही सांगितलं तर तिला. खरं लिहायचं तर भीती आपल्या पाठीचीच जास्त आहे. हे वाचून माझी मलाच लाज वाटते, तरी खोडत नाही.

२० नोव्हेंबर

 झोप नाही.

पहिलाच भाग खरा भारी होता. दुसऱ्या-तिसऱ्यात राक्षस दिसतो म्हणून हसता येतं. गावात आता पहिला भाग चालू आहे, दिसत काहीच नाही आणि सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. बाया दिवस कलायच्या आधीच घागरी भरून घरी पळतात.

२१ नोव्हेंबर

तांड्यावरच्या हरिचंदला गाठलं. विचारलं, नानी काय गाते?

तो म्हणाला, "नवरी माहेरातून निघती तवा रडत म्हनती ते. मायला, बापाला, गाईला, दाराला राम राम करती. येवढंच." मग म्हणाला, "आता काहून इचारून राहिलास? आदी इचारायचं."

 खाली मान घालून आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

चौथा भाग. सुरुवात चांगली वाटली, पहिल्यासारखं नुसतं पाणी. पुढं पाहिलाच नाही. टीव्हीचा आवाज बंद केला, माइक घेतला.  म्हणालो, मला ही भाषा येत नाही. सगळ्या भागांतलं मी मनानं रचलं. ती बाई कुणाला बोलावत नव्हती. नानी माहेरचं गाणं गाते. सोनाजीचा पाय जाळ्यात गुंतला.

आता मार पडणार म्हणून डोळे मिटून उभा राहिलो. तर हशा पिकला!

"अरे, तुला येत न्हाई ते आमाला पयल्या दिशीच कळलं," सोनाजीचा भाऊ म्हणाला. तो मात्र हसत नव्हता. "शिनेमा खोटाच असतो. पन बुढीचं तू बराबर बोललास."

मार पडला असता तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

आबा आणि मी सकाळीच पोलीस ठाण्यात गेलो. दगड मारणाऱ्यांची नावं दिली, अफवा उठवणारा म्हणून माझंही. तिथून थेट नानीच्या दारात जाऊन बसलो. हरिचंद आणि तांड्यावरचे चौघे आधीच होते. दर आवाजाला दचकत होतो. दगड आला नाही. पण नानीही काठावर गेली नाही.

२७ नोव्हेंबर

आजही गेली नाही. दार लावून आत बसलीय.

३० नोव्हेंबर

आज नानी बाहेर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. "पोरा, म्या गायली म्हनून तर न्हाई ना गेला तो?"

"न्हाई, नानी. तुझ्या गाण्यानं काईच झालं न्हाई."

"तू समदं मनानं रचून सांगतो म्हनत्यात," ती म्हणाली. "हे बी तसंच सांगून राहिलास का?"