अंगठ्यांचा अर्ज

९ ऑक्टोबर
हे ठेसन? हे तर खळं! अकरा वर्षं लाइन बंद, म्हणून अख्ख्या गावानं फलाटावर मक्याची कणसं वाळत घातलीत. अन् परवा पहिली गाडी! डोकंच फिरलं माझं. एका म्हातारीवर तर ओरडलेच — "उचला हे, नायतर जप्त करीन!" ती खाली वाकून कणसं घमेल्यात भरत राहिली. सुगंधाबाई तिचं नाव, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन मुंजाबा म्हणाला. एवढं बोलायला नको होतं. पण मास्तर मी आहे, जबाबदारी माझी.

११ ऑक्टोबर
गाडी आली! गुलाल, हलगी, इंजिनाला हार. मुंजाबा चक्क रडला. बायांचं ओवाळणंच संपेना, तीन मिनिटं उशीर. आज कुणाला ओरडले नाय.

१४ ऑक्टोबर
क्वार्टरच्या नळाला पाणी नाय. सकाळी दार उघडलं तर सुगंधाबाई डोक्यावर हंडा घेऊन उभी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसाची माफी मागायला गेले, तर म्हणते, "राहू द्या वो मास्तरीणबाई. पाण्याबिगर काय ड्युटी करता?"

२६ ऑक्टोबर
रोज हंडा. वर ज्वारीची भाकर, ठेचा. मुंजाबानं खिडकीला जाळी ठोकून दिली — साप येतात म्हणून. या माणसांसाठी मी काय केलंय? ओरडले तेवढं! लई उपकार आहेत यांचे.

२ नोव्हेंबर
आज मोनाली सहा वर्षांची झाली. पोर संभाजीनगरला माझ्या आईकडं, क्रांती चौकाच्या मागं. नवऱ्याची नोकरी पुण्याला, मी इथं. सुट्टी मिळाली नाय. दुपारी व्हिडिओ कॉल केला. "मम्मी, तू कधी येणार?" अन् रडायलाच लागली. फोन ठेवला अन् मी पण. सुगंधाबाई शेजारीच बसली होती. तिला सगळं सांगून टाकलं — शहरात बदलीसाठी दोनदा अर्ज केला, दोनदा नामंजूर. तिनं नुसता पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं.

१० नोव्हेंबर
सकाळीच फलाटावर पंधरा-वीस माणसं. पुढं सुगंधाबाई, हातात कागद. कागदावर निळे अंगठेच अंगठे! "काय आहे?" विचारलं, तर कागद लगेच पदराखाली. "काय नाय, मोठ्या सायबाकडं काम हाय." गेले सगळे गाडीत बसून. हिरवी झेंडी मीच दाखवली!

तक्रारच असणार माझी. फलाटावरनं हाकललं ते मनात राहिलं असंल. मुंजाबाला खोदून विचारलं, तर नजर चुकवतो. चौकशी लागली तर बदली विसराच, नोकरीचं काय?

पण हंडा आजही दारात ठेवून गेली होती. काही कळत नाय.

१३ नोव्हेंबर
साहेबांचा फोन नाय. जेवण जात नाय.

१९ नोव्हेंबर
बदली मंजूर! एक तारखेपासून संभाजीनगर. गावाचा अर्ज साहेबांनी फोनवर वाचून दाखवला — "आमच्या ठेसनाची बाई लई चांगली हाय, तिला सोडवत नाय. पण तिची पोर आईवाचून रडती. बाईला घरी धाडा. इथं दुसरं कुणीबी पाठवा, आम्ही सांभाळून घेऊ."