माफिओस पळाला नाही

मी, तापेरा चिमोम्बे, राहणार करोई, धंद्याने परवानाधारक शिकारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या रागाने लिहीत आहे. माझी फुप्फुसं कामातून गेली, असं मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगतात. डोकं मात्र शाबूत आहे, असंही त्यांनीच लिहून दिलं आहे आणि तो दाखला सोबत जोडला आहे. तो मी मुद्दाम मागून घेतला, कारण माझा धाकटा भाऊ ओनियास उद्या चारचौघांत सांगेल, "दादा शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाला होता." ओनियास, मी भ्रमिष्ट झालेलो नाही. मी संतापलेलो आहे. या दोहोंतला फरक कोर्टाला कळतो.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. ओनियासने हरारेहून टाईप करून आणलेला, माझ्या सहीपुरती जागा सोडलेला कागद मी चुलीत घातला आणि त्या जाळावर त्यालाच चहा करून पाजला.

कलम पहिलं. माझ्या इच्छेची अंमलबजावणी माझा भाचा फिलेमोन करील. मेलेल्या माणसाचे कपडे आणि हत्यारं भाच्यानेच वाटायची, ही आमची रीतच आहे, तेव्हा नवीन काही मागत नाही. फिलेमोन कोणाची भीड ठेवत नाही. मलाही तो तोंडावर उलट उत्तरं देतो, आणि त्याला नेमण्याचं खरं कारण हेच आहे.

कलम दुसरं. करोईतलं पत्र्याचं घर, त्यामागची आंब्याची झाडं, माझी सगळी गुरं आणि नदीकाठच्या शिकारी तळातला माझा अर्धा हिस्सा माझी एकुलती मुलगी नेत्साय हिला मिळावा. आत्याबाई येऊन म्हणतील, घर पुरुषाकडे जातं. जाऊ दे की. तो पुरुष आधी मला दाखवा. एवढी वर्षं मी शोधतो आहे.

कलम तिसरं. माझी चारशे अठ्ठावन्न बोअरची रायफल. हिच्यावर ओनियासचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे. वापरायला नको आहे त्याला, ऑफिसच्या भिंतीवर टांगायला हवी आहे, म्हणजे शिकारीसाठी परदेशी गिऱ्हाईक आलं की "आमच्या घराण्याची बंदूक" म्हणून मिरवता येईल. ही रायफल नेत्सायला द्यावी. तिने यंदा शिकाऱ्याची परीक्षा दिली आणि पास झाली, परवाना तिच्या स्वतःच्या नावावर आहे. बाईच्या हाती बंदूक कशाला, असं ज्याला विचारायचं असेल त्याने ती बंदूक घेऊन एकदा जखमी रानरेड्यामागे काटेरी जाळीत शिरावं. परत आला तर बोलू.

नेत्साय, ही दिसायला काही नाही. पॉलिश कधीच उडालं. दस्त्याला तडा गेला तेव्हा मी त्यावर ओलं रेड्याचं कातडं शिवलं, ते वाळून असं आवळलं की आता लाकूड फुटेल पण कातडं सुटणार नाही. पण काडतूस आत-बाहेर करणाऱ्या हिच्या बोल्टवरचा पंजा बघ. काडतूस वर येताक्षणी तो त्याची कड धरतो आणि रिकामं झालेलं बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही, बंदूक उलटी असो की तुझे हात कापत असोत. हिला दुर्बीण नाही, कारण जाळीत रेडा अंगावर येतो तेव्हा दुर्बिणीतून नुसते काळे केस दिसतात. पट्टाही नाही, कारण पट्टा नेमका नको तेव्हा काट्यात अडकतो. आणि पुढेमागे दुसरी घ्यायची वेळ आली तर दुकानदाराचं एक अक्षर ऐकू नकोस. डोळे मिटून बोल्ट चालव. हाताला कुठे खडा लागल्यासारखं झालं की बंदूक खाली ठेव आणि बाहेर ये. चकाकीला पैसे मोजणारे पुष्कळ आहेत, दुकानदार उपाशी राहत नाही.

बोल्ट मागे ओढायचा तो पूर्ण ओढायचा. घाबरलेला माणूस अर्धा ओढतो. हे तुला शंभर वेळा सांगितलं आहे, एकशे एकावी वेळ कायद्याने नोंदवून ठेवतो.

कलम चौथं. काडतुसांची लाकडी पेटी माझ्या खाटेखाली आहे. तीही नेत्सायची. ती खाटेखालीच का असते, हे आमच्या तळावर धुणी धुणाऱ्या बाईलाही माहीत आहे. ऑक्टोबरच्या उन्हात काडतूस तापलं की आतली दारू जास्त जोराने पेटते, पितळ फुगतं आणि नळीत जाम होऊन बसतं. मग बोल्ट उघडत नाही. तळावर माझा एकच कडक नियम होता, की काडतूस गाडीच्या काचेमागे ठेवायचं नाही. ज्याने ठेवलं त्याने त्या दिवशी गाडी धुवायची. एका माणसाने ठेवलं आणि गाडी धुतली नाही. त्याच्याविषयी पुढचं कलम.

कलम पाचवं. राखेची पुरचुंडी. जुन्या शर्टाच्या कापडाची आहे, हलवली की चिमूटभर राख उडते आणि वारा कुठून येतो ते कळतं. ही माफिओस कान्येंबाची. वीस पावसाळे तो माझ्यापुढे माग काढत चालला. ही पुरचुंडी त्याची मुलगी मावीस हिला द्यावी.

माफिओस माझा साहविरा होता. आमच्या दोन घराण्यांचं हे नातं आजोबांच्या वेळेपासूनचं आहे. साहविरा म्हणजे ज्याने थट्टा केली तरी रागावायचं नाही असा माणूस. घरात मयत झाली की तो मेलेल्याचे कपडे घालतो, त्याच्यासारखा चालतो, त्याच्यासारखा खोकतो आणि कबरीच्या काठावर उभा राहून, घरचे जे बोलू शकत नाहीत ते खरं बोलतो. त्याचं तोंड कोणी धरू शकत नाही, वडीलधारेही नाही. आणि हा हक्क कबर बुजेपर्यंतच असतो. नंतर तोही इतरांसारखाच.

ओनियासने त्याची नवी रायफल तळावर आणली तो दिवस मला आठवतो. आरशासारखा दस्ता, हातभर दुर्बीण, सोनेरी कोरीवकाम. माफिओस तिच्याभोवती फिरला आणि मला म्हणाला, "काय तापेरा, भावाने घराण्याला सून आणली वाटतं! केवढी नटलीय गं बाई!"

ओनियास म्हणाला, "हात लावू नकोस म्हाताऱ्या. परदेशी आहे, तुला समजायची नाही."

"मला नकोच समजायला. रेड्याला समजली म्हणजे झालं. तो काय पॉलिश बघतो होय रे?"

सगळा तळ हसला. ओनियास हसला नाही. त्याची काडतुसंही हरारेतल्या कोणा दोस्ताने भरून दिली होती, नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून. मी म्हटलं, "एवढा दम कशाला? रेडा मारायचाय, डोंगर नाही." तो म्हणाला, "दादा, तू जुन्या जमान्यातला." वर्षानुवर्षं खुर्चीत बसून त्याचा परवाना तेवढा जिवंत होता, हात मेले होते.

त्या ऑक्टोबरात माझ्या छातीने दगा दिला आणि मला दवाखान्यात टाकलं. गिऱ्हाईक तळावर येऊन बसलं होतं, म्हणून ओनियास त्याला घेऊन गेला. गिऱ्हाइकाने रेड्याला पोटात गोळी घातली. रेडा जाळीत शिरला. ओनियासची काडतुसं सकाळपासून गाडीच्या काचेमागे भाजत पडली होती. त्याने तीच खिशात घातली, माफिओसला पुढे चालवलं आणि गिऱ्हाइकालाही मागोमाग जाळीत नेलं.

रेडा आला तेव्हा ओनियासने एक गोळी झाडली. ती चुकली. दुसरी झाडताच आली नाही, बोल्ट उघडलाच नाही. रेड्याने माफिओसला तुडवलं. यापुढचं जे गाव सांगतं, ते ओनियासने रचलेलं आहे. त्याने चौकशीत लिहून दिलं की माग काढणारा घाबरून पळत सुटला, म्हणून जनावर बिथरलं आणि म्हणून तो मेला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी विमानात बसलं. गरमीचे दिवस, माफिओसला लगोलग पुरलं. मी दवाखान्यातून सुटून आलो तेव्हा कबरीवर दगडसुद्धा रचून झाले होते. त्याच्या कबरीच्या काठी त्याचे कपडे घालून उभं राहण्याचा माझा हक्क मी खाटेवर पडल्या पडल्या घालवून बसलो.

मी जाळीत गेलो. पाऊस अजून आला नव्हता, जमीन जशीच्या तशी होती. पळणाऱ्या माणसाच्या पावलाचा पुढचा भाग रुततो आणि माती मागे उडते. माफिओसच्या टाचा रुतल्या होत्या. दोन्ही पावलं शेजारी शेजारी, रेड्याकडे तोंड करून, गिऱ्हाइकाच्या आणि रेड्याच्या मध्ये. हातात फक्त बंदूक टेकायची काठी आणि ही पुरचुंडी. राख सगळीकडे सांडलेली. पळाल्याच्या खुणा होत्या, नाही असं नाही. त्या शहरी बुटांच्या होत्या, जाड तळाच्या, गाडीच्या दिशेने.

मग मी तळावर येऊन ती सोनेरी सून ताब्यात घेतली. बोल्ट लाकडी हातोड्याने ठोकून उघडावा लागला. आतून निघालेलं फुगलेलं पितळ माझ्याकडे आहे.

चौकशीवाल्या साहेबाला सांगितलं, तर तो म्हणाला, फाईल बंद झाली. घरच्या बैठकीत सांगितलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "तापेरा, मेलेला काही परत येत नाही. घर कशाला फोडतोस?"

मी म्हटलं, "आत्या, घर फोडणारा तो काय तुमच्या शेजारी बसून मक्याचा सादझा चापतोय."

"लहान भाऊ आहे तुझा."

"माफिओसला भाऊ नव्हता म्हणून काय त्याचं नाव फुकटचं?"

ओनियास जेवत राहिला. त्या दिवशी माझा हात त्याच्या गळ्यापर्यंत गेला होता, फिलेमोनने मला मागे ओढलं. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, तापेरा तापट आहे. एवढंच काय ते या प्रकरणातून निष्पन्न झालं. आणि मावीस करोईच्या बस थांब्यावर टोमॅटो विकायला बसते तेव्हा कोणीतरी टवाळ तिला विचारतो, "काय गं, रेडा आला तर तूपण बापासारखी पळशील ना?" तिच्या जागी मी असतो तर टोमॅटो नाही, वजनं फेकून मारली असती.

कलम सहावं. माझी टोपी, खाकी कोट आणि मऊ तळाचे कातडी बूट नेत्सायला नकोत, ओनियासला तर मुळीच नकोत. ते मी मरताच, वाटपाची वाट न पाहता, फिलेमोनने मावीसच्या हाती द्यावेत. साहविराचं नातं बापाकडून लेकरांकडे येतं. माफिओसला मुलगा नाही, मुलगी आहे, आणि ती आली पाहिजे. तिला कोणी अडवलं तर तो माणूस माझ्या मातीला आला नाही असं समजावं.

गेल्या रविवारी ती आली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि कोट चढवून बघ म्हटलं. तिने तो चढवला, माझ्यासारखी तंगडी फेकत अंगणात एक चक्कर मारली आणि कुंपणाला धरून खोकली.

"काका, असंच ना?"

"खोकला झकास. पण शिव्या कमी पडल्या."

"मेलेल्याच्या तोंडी शिव्या?"

"माझ्याच आहेत, दे बिनधास्त."

मग ती पायरीवर बसली. कोट तिला ढगळ होत होता. बाहीचं बटण फिरवत म्हणाली, "काका, ओनियासकाका चिडले तर?"

मी म्हटलं, "पोरी, साहविरावर चिडणाऱ्या माणसाला अख्खं गाव हसतं. त्याला चिडताच येणार नाही. हीच तर गंमत आहे."

ती हसली नाही. म्हणाली, "माझा बाबा खरंच उभा राहिला होता?" मी सांगितलं, "हो." तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. माझ्या सांगण्याने तिचं भागत नाही हे मला दिसलं. बस थांब्यावरच्या लोकांनी ओनियासचं ऐकलं आहे, तेव्हा त्यांना ते ओनियासच्याच तोंडून ऐकू यायला हवं.

कलम सातवं. ओनियास चिमोम्बे याला मी ते फुगलेलं पितळ देतो. दुसरं काही देत नाही. ते मावीसने त्याच्या तळहातावर ठेवावं, आणि कधी ठेवावं ते पुढे लिहितो.

कलम आठवं, शेवटचं. मला आईच्या शेजारी पुरावं. भाषणं नकोत, शिकारी संघटनेची पुष्पचक्रं नकोत. ओनियास येईलच, लोक काय म्हणतील याची त्याला फार काळजी. मला खाली उतरवलं की आमच्या रीतीप्रमाणे पहिली मूठ माती धाकट्या भावाने टाकायची. तो मातीसाठी हात पुढे करील तेव्हा माझी टोपी घातलेल्या मावीसने त्यात माती देऊ नये, ते पितळ द्यावं. आणि माझ्या आवाजात, खोकत, शिव्या देत, सगळ्यांदेखत एकच प्रश्न विचारावा, "ओनियास, पळालं कोण?"

त्याने उत्तर देईपर्यंत माझ्यावर माती लोटायची नाही. फिलेमोन, फावडी तुझ्या ताब्यात ठेव. ऊन चढलं, बायका कुरकुरल्या, पास्टर घड्याळ बघायला लागला, तरी हलू नकोस. जखमी रेडा जाळीत शिरला की घाई करायची नसते, बाहेर सावलीत बसून वाट पाहायची असते, हे मी जन्मभर लोकांना शिकवलं. मी थांबेन. कबर उघडी ठेवा.

हे सारं मी वाचून, समजून, कोणाच्याही धाकाला न भिता लिहिलं, आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, म्हणून तर त्यांची साक्ष चालेल.

सही: तापेरा चिमोम्बे

साक्षीदार पहिली: सिस्टर पेर्पेतुआ, मिशन दवाखाना. (सही. शिव्यांचा उल्लेख गाळावा अशी त्यांनी विनंती केली, ती मी नाकारली.)

साक्षीदार दुसरा: लव्हमोर झिंगोनी, निवृत्त शिक्षक. (सही. मातीला येतो म्हणाले, आणि बसायला खुर्ची घेऊन येतो म्हणाले.)

स्थळ: करोई
दिनांक: १४ ऑगस्ट २०११