ऊठ म्हाताऱ्या, माकड शिजलं!

३ ऑगस्ट २०१६, मुफुलिरा

बायकोची, अनासीची पाठ आज बरी. धाकट्या नातीचा ताप उतरला. शेजारच्या बा मुसोन्दांचा खोकला तसाच – भिंतीतून ऐकू येतो. माझा गुडघा कुरकुरतोय. गिटारची एक तार तुटलीय. म्हणजे सगळं ठीक!

रेडिओवरून एक मुलगी आली होती. पुढच्या शुक्रवारी मुलाखत. "बा चिशाला, तुमच्या जोडीच्या त्या पहिल्या गाण्याची गोष्ट सांगायची हं. खाणीच्या साहेबावर रचलंत ना?"

मी मान डोलावली. त्रेचाळीस वर्षं डोलावतोय.

७ ऑगस्ट

इथे तरी खरं लिहितो. गाणं माझं नाही. येसायाचं आहे.

१९७३. वडील गेले. अंगणात शवपेटी, भोवती बायका रडतायत. आई मात्र दगड! ना रडली, ना दोन दिवस घासभर जेवली. तेवढ्यात येसाया सोको आला. आम्ही दोघं तेव्हा बिअरच्या गुत्त्यावर गिटार वाजवायचो. तो न्गोनी जमातीचा, आम्ही बेंबा – पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टेची भावकी. ते आम्हाला माकडखाऊ म्हणणार, आम्ही त्यांना उंदीरखाऊ. आणि एकाकडे मयत झालं की दुसऱ्याने येऊन मयताचीच खोडी काढायची. रागवायचं नाही, रीतच ती.

येसायाने स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणलं आणि पेटीसमोर बडवायला लागला – "ऊठ म्हाताऱ्या, माकड शिजलं! तुझा वाटा कोण खाईल?"

आत्या ओरडली, "उंदीरखाऊ मेल्या, आधी दातातली शेपटी काढ!"

आई फिस्सकन हसली. मग रडली. संध्याकाळी मक्याची न्शिमा जेवली.

महिन्याभरात आम्ही त्याचं गाणं केलं. शब्द त्याचे, चाल त्याची. मधली गिटार तेवढी माझी. तबकडी निघायच्या दिवशी कारकुनाने विचारलं, "रचना कुणाची?" येसाया लघवीला गेला होता. मी म्हणालो – माझी.

खाणीतली पोरं मोर्चात गायला लागली. म्हातारा म्हणजे खाणीचा साहेब, असं त्यांनीच ठरवलं. मीही तेच सांगत सुटलो.

येसाया चिपाटाला निघून गेला. जाताना एवढंच – "माकडा, चोरायचंच होतं तर केळं चोरायचंस!"

त्यानंतर भेट नाही.

११ ऑगस्ट

अनासी म्हणते, "सांगून टाका उद्या. पणजोबा व्हायची वेळ आली, अजून पोरासारखे लपता!"

१२ ऑगस्ट

सांगितलं. लघवीसकट!

मुलीला हसू आवरेना. घरी आलो तर बा मुसोन्दा दारातच – "म्हणजे इतकी वर्षं आम्ही मुठी आवळून तुमच्या बापाला जेवायला उठवत होतो?"

१३ ऑगस्ट

चिपाटापर्यंत तो रेडिओ पोचतो का, कुणाला विचारू?

२१ ऑगस्ट

चिपाटाच्या बसच्या ड्रायव्हरने चिठ्ठी आणून दिली. येसायाचं अक्षर. तसंच, तिरकं.

"अनासीची पाठ दुखते असं हा ड्रायव्हर सांगतो, आता कशी आहे? नातवंडं? गिटार? तुझी लाज बरी झाली म्हणे – रेडिओवर ऐकलं. माझं विचारशील तर, डॉक्टर म्हणतो नोव्हेंबरचा पाऊस मी बघणार नाही. पेटीसमोर झाकण बडवायला तू येणार, ते ठरलेलंच. पण तेव्हा मला ऐकू कसं येणार, माकडा? माझं कडवं आत्ताच रच. लवकर लिहून पाठव."